शरदातली पत्ती

शुभदानं डबा उघडून माझ्या नाकाशी धरला. ती माझ्या भावाची नात. पुण्यात नोकरी करते आणि दसऱ्यानंतर चार दिवस परभणीला माझ्याकडे येते. डब्यात चहाची लांब, वळलेली पानं होती. त्यांत संत्र्याच्या वाळल्या सालीचे तुकडे, दालचिनीच्या काड्या आणि झेंडूच्या पाकळ्या. डब्यावर नाव छापलं होतं, ‘शरद’. दर ऋतूचा वेगळा डबा मिळतो म्हणे. दुकानात जावं लागत नाही, घरी येतो.

“कसा आहे वास, आत्याआजी?”

“चांगला आहे,” मी म्हणाले.

तिनं पातेल्यात पाणी उकळलं, पानं टाकली आणि गॅस तसाच चालू ठेवला. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी गॅस बंद केला. “आता उकळू नको. झाकण ठेव आणि गप बस थोडा वेळ.”

“तुला काय माहीत गं?” ती हसली. मी नोकरी करत होते एवढंच तिला ठाऊक. कसली, ते तिनं कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

खिडकीबाहेर आश्विनातलं ऊन पडलं होतं. पाऊस संपल्यावर आमच्याकडे जे ऊन पडतं ते उन्हाळ्यातल्या उन्हासारखं नसतं. ते वरून येत नाही, जमिनीतून येतं. काळी माती वरून सुकते, आतून ओली राहते, आणि दुपारी तिच्यातून वाफ निघते. कापसाची बोंडं त्याच उन्हात तडकतात. तुरीला पिवळी फुलं येतात. बाजारात सीताफळांचे ढीग लागतात. पहाटे मात्र अंगावर चादर ओढावी लागते. एका दिवसात दोन ऋतू.

त्या वर्षीही हे सगळं असणारच. पण मला त्यातलं काही आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण भिंतीवरचं कॅलेंडर आठवावं तसं.

*

हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन काही वर्षं लोटली होती. आता ते राज्यच मोडून त्याचे वाटे पडायचे होते आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यात जायचा होता. चावडीवर, स्टेशनावर, दुकानांत तीच चर्चा. मी विशीत होते. सासर जिंतूरकडे. श्रावणात माझ्या नवऱ्याला विषमज्वर झाला आणि पोळ्याच्या आत तो गेला. दादा येऊन मला परभणीला घेऊन आला.

मी रडले नाही. आधी लोकांना त्याचं कौतुक वाटलं, पोरगी धीराची आहे म्हणून. मग त्यांना ते खटकायला लागलं. शेजारच्या बायका मुद्दाम येऊन माझ्यापुढे रडायच्या. मी त्यांना पाणी आणून द्यायचे.

एके दिवशी आई वरणात मीठ घालायचं विसरली. दादानं पहिल्याच घासाला ताट सरकवलं. मी जेवण संपवून उठले होते. आई माझ्या रिकाम्या ताटाकडे बघत राहिली.

“तुला कळलं नाही का गं?”

“काय?”

त्यानंतर तिनं एकदा मुद्दाम मीठ जास्त घातलं. तेही मला कळलं नाही. भाकरी भाकरीसारखी नव्हती, गूळ गुळासारखा नव्हता. सगळं नुसतं गरम किंवा गार होतं, मऊ किंवा कडक होतं.

दादा बाजारातल्या एका चहाच्या घाऊक दुकानात कामाला होता. त्या काळी आमच्याकडे खेड्यापाड्यांत चहा अजून पुरता शिरला नव्हता. सर्दीपडशाला, पाहुण्यारावळ्याला, एवढाच. त्यामुळे चहाची कंपनी गावोगाव माणसं पाठवायची. बाजाराच्या दिवशी तंबू ठोकायचा, चहा करून दाखवायचा, फुकट पाजायचा. पुरुष प्यायला जमत, पण घरात चहा करणार बाया, आणि त्या तंबूत येणार नाहीत. म्हणून कंपनीला घराघरांत जाऊन चहा शिकवणारी बाई हवी होती. लिहिता-वाचता येणारी, बोलायला न घाबरणारी.

दादानं भीत भीत विषय काढला. वहिनी म्हणाली, “वर्ष तरी होऊ द्या. लोक काय म्हणतील?”

आई निवडत होती ते सूप तिनं खाली ठेवलं. “लोक काय म्हणायचं ते म्हणू दे. घरात बसून ही दगड व्हायलीय. मला दगड नको.”

मला विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. नाही म्हणायला जे लागतं तेही माझ्याजवळ नव्हतं.

*

मला शिकवायला कंपनीनं पाठवलेले अब्बासचाचा होते. हैदराबादचे. उंच, किंचित वाकलेले, पांढरी दाढी नीट कातरलेली. एका मोठ्या व्यापाऱ्याकडे त्यांनी उभा जन्म चहा चाखण्यात घालवला होता. चहा चाखणं ही नोकरी असते हे मला तेव्हाच कळलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी पांढऱ्या कपांची रांग मांडली. प्रत्येक कपापुढे एका बशीत कोरडी पत्ती. आधी कोरडी पत्ती बघायची, बोटांनी चोळायची. मग ती कपात टाकून वरून उकळतं पाणी ओतायचं आणि झाकायचं. मग भिजलेल्या पानांचा वास घ्यायचा. आणि शेवटी चमचाभर चहा तोंडात ओढायचा, जोरात, आवाज करत, म्हणजे तो सगळ्या जिभेवर पसरतो. मग थुंकून टाकायचा.

मला तो आवाज काढता येईना. घरात विधवेनं जोरात पाय वाजवला तरी लोक बघतात. चाचा म्हणाले, “आवाज आने दो, बेटा. चाय कू शरम नहीं आती.”

मी ओढला. ठसका लागला. ते थांबले.

“अब बोल. कैसा है?”

“गरम आहे.”

“और?”

“और काही नाही. मला चव लागत नाही, चाचा.”

मला वाटलं, आता हे दादाला सांगतील आणि मला घरी पाठवतील. त्यांनी दुसरा कप पुढे केला. “लगा तो बोलना. नहीं लगा तो नक्को बोलना. जबरदस्ती कायकू?”

तिथंच मला पावसाळ्यातली पत्ती आणि शरदातली पत्ती यांतला फरक समजला. जिभेनं नाही, कानांनी. पावसात झाड भसाभसा वाढतं, पानं मोठी, रंग गडद, पण अंगात दम कमी. पाऊस थांबला की पान सावकाश वाढतं. उन्हात राहतं, पहाटेच्या गारठ्यात राहतं. त्याचा चहा तांब्याच्या रंगाचा उतरतो आणि वास मागाहून येतो, पिऊन झाल्यावर. चाचांकडे आदल्या वर्षीच्या शरदातली पत्ती एका छोट्या डब्यात होती. ती विकायची नव्हती. तिचा एक कप ते रोज शेवटी करायचे, माझ्यापुढे ठेवायचे, स्वतः एक घ्यायचे. मी कपाचा रंग बघायचे. खरंच तांब्याचा होता.

एकदा स्टोव्हवरची किटली उचलताना माझी बोटं तिच्या तापलेल्या बुडाला चिकटली. मला ते वासावरून कळलं. चाचांनी माझा हात बादलीत बुडवला आणि किटली स्वतः उचलली.

*

घटस्थापनेच्या सुमाराला आम्ही निघालो. कंपनीची जुनी मोटार, ती चालवणारा मारुती, चाचा आणि मी. पावसानं तुटलेले रस्ते नुकतेच सुरू झाले होते. जिंतूर, चारठाणा, आसपासची खेडी. चारठाण्याच्या जुन्या देवळांजवळ आम्ही तंबू ठोकला तेव्हा दगडी खांबांवर शेवाळ अजून ओलं होतं. शेतांत टिफणी चालल्या होत्या, ज्वारीची पेरणी.

जिंतुरात एका घरी दहा-बारा बाया जमल्या. मी सांगितलं, पाणी खळखळ उकळू द्या, पत्ती किटलीत टाका, वरून पाणी ओता, झाका. मग कपात ओतायला गेले तर घरची बाई पुढे आली. चांगली होती ती, तिचा चेहरा कानकोंडा झाला होता.

“बाई, तुमी नुसतं तोंडानं सांगा. कप मी भरते. घट बसलेत घरात. राग मानू नका.”

तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं नाही, तरी मला कळलं. मी किटली तिच्या हातात दिली. राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र कळत होतं.

बाहेर येऊन बघते तर तंबूतही तसंच. चाचा पाणी उकळत होते, पत्ती मोजून टाकत होते, वेळ सांभाळत होते. आणि कप मारुती वाटत होता. चाचांच्या हातून कप बरेच लोक घेत नव्हते. काही जण घ्यायचे, पण शेजारचा बघत नाही ना ते बघून. जिच्या हातचं चालत नाही ती घरात आणि ज्याच्या हातचं चालत नाही तो बाहेर, अशी आम्ही दोघं त्या आश्विनात मुलुखाला चहा शिकवत फिरत होतो. चाचांना मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “हौ. मगर चाय चल रही है ना.”

*

एका गावाचं नाव मी सांगत नाही. चारठाण्याच्या पुढे होतं. तिथं उतरल्यावर चाचा बराच वेळ मोटारीजवळ उभे राहिले. मग त्यांनी मारुतीला विहिरीवर पाठवलं, त्यानं आणलेलं पाणी ओंजळीत घेऊन घोटभर प्यायले आणि म्हणाले, “पानी अच्छा है इस गाँव का. मीठा है. चाय अच्छी उतरेगी.”

मला एका मोठ्या घरी नेलं. माळवदाचं घर, पुढे ओसरी, ओसरीत वाळत घातलेले उडीद. घरची सून माझ्याएवढीच असेल. तिनं शेजारणी बोलावल्या होत्या. मी किटली मांडली. पाणी उकळायला लागलं तसा आतल्या अंधाऱ्या खोलीतून आवाज आला.

“कोन आलंय गं? काय उकळायलीत?”

“च्या हाय, मोठी माय. तुमी पेत न्हाई.”

“पेत न्हाई कामून? मला कुनी दिला कवा?”

बाया हसल्या. सून ओशाळली. मला हळूच म्हणाली, “आजेसासू हाय. आजेसासरे गेले तवाच्या बसल्यात तिथं. त्यायला गोडधोड, शौकाचं कायबी देत न्हाईत. घरात तशीच रीत हाय.”

मी एक कप भरला आणि आत गेले. कुणी अडवलं नाही. कदाचित मी अशी जाईन असं कुणाला वाटलंच नसेल.

खोलीत एक लहानशी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. कपाळ माझ्यासारखंच. तिनं कप दोन्ही हातांत घेतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

“कडू हाय गं!”

“दूध-साखर आणते, मोठी माय.”

“थांब, थांब. नगं.” तिनं दुसरा घोट घेतला. डोळे मिटले. “कडूच हाय. लय कडू.” आणि ती हसायला लागली. दात नव्हते, नुसत्या हिरड्या. “मालक गेला तवापासून मला खारट कळंना, आळनी कळंना. भाकर खायची म्हून खायची. ह्ये कडू लागलं बग मला.”

मी तिच्यासमोर बसले. तिनं माझ्या कपाळाकडे सरळ बघितलं. इतक्या दिवसांत कुणी तसं बघितलं नव्हतं.

“तुजा कवा गेला?”

“श्रावणात.”

“ह्याच?”

“ह्याच.”

“तुला कसा लागतो ह्यो च्या?”

“काही लागत नाही मला.”

तिनं मान हलवली. ओळखीच्या गावाचं नाव ऐकल्यावर माणूस हलवतो तशी. “व्हय. तसंच असतंय. मी तुज्यापक्षा ल्हान व्हते. सोळा-सतरा. मला वाटलं, आज-उद्या जाईल. मग घरातल्यांनी बी इचारायचं सोडलं, अन् मी बी.”

मी त्या खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक गाडगं, एक खुंटी, खुंटीवर एक लुगडं. ती इथं सोळाव्या वर्षी आली होती. पुष्कळ दिवसांनी मला काही झालं होतं, आणि ती भीती होती.

जाताना प्रत्येक घरी आम्ही चहाची एक पुडी द्यायचो, घरधनिणीच्या हाती. मी ती पुडी म्हातारीच्या हातात ठेवली. दारात उभ्या सुनेनं बोलायला तोंड उघडलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आजेसासूकडे बघितलं, आणि मिटलं.

मोटारीत बसल्यावर मी चाचांना म्हणाले, “आज एका म्हातारीला चहा कडू लागला. त्याचा तिला आनंद झाला.”

चाचा बाहेर बघत होते. कापसाची शेतं मागे चालली होती, कुठंकुठं बोंडं फुटलेली. तसंच बाहेर बघत ते बोलले. “मेरा छोटा भाई रहता था यहाँ. उसकी दुकान थी. हैदराबाद पे पुलिस ॲक्शन हुआ, उस साल की गड़बड़ में गया.”

“गेला म्हणजे?”

“मार दिए उसकू.”

“कुणी?”

“मालूम नहीं. आज जिनोंने चाय पी, उन में से भी होगा कोई. नहीं भी होगा.” त्यांचा आवाज पत्तीबद्दल बोलताना असायचा तसाच होता. ना चढला, ना उतरला. मारुतीनं मोटार खड्ड्यातून काढली.

*

दिवाळीच्या तोंडावर राज्य बदललं. परभणीत पताका लागल्या. दादानं पेढे आणले. मी खाल्ले. कंपनीनंही आपले वाटे केले. आमचा जिल्हा नव्या कचेरीकडे गेला आणि चाचा हैदराबादला परत निघाले.

जायच्या दिवशी दुपारी त्यांनी मागच्या खोलीत शेवटचे दोन कप केले, शरदातल्या पत्तीचे. आम्ही प्यायलो. मी आता आवाज काढायला शिकले होते.

“लगा?” त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

“नाही.”

त्यांनी कप उजेडात धरून रंग बघितला. “मेरेकू भी नहीं लगता, बेटा. उस साल से नहीं लगता.”

मला आधी समजलंच नाही. हा माणूस इतकी वर्षं त्या मोठ्या व्यापाऱ्याला सांगत आला होता, हा चहा घ्या, तो घेऊ नका. “मग तुम्ही ओळखता कसं?”

“रंग से. पत्ती की आवाज से. पुरानी याद से.” त्यांनी आणखी एक घोट घेतला. “किसी कू बोला नहीं. नोकरी का सवाल था.”

“आणि त्या गावचं पाणी?”

“भाई के घर पीता था. मीठा था. अभी भी होगा.”

सांत्वन करायला जी जागा लागते ती त्यांच्यातही नव्हती आणि माझ्यातही. पण आम्ही दोघं एका बाकावर बसून, काही न लागणारा चहा संपेपर्यंत प्यायलो, आणि ते मला पुरलं. उठताना ते म्हणाले, “काम नक्को छोड़ना. घर में बैठी तो बैठी रह जाएगी.” त्यांना म्हातारीची ती खोली मी सांगितली नव्हती.

मी काम सोडलं नाही. पुढं केस पांढरे व्हायला लागेपर्यंत करत राहिले. चाचांची खुशाली एकदोनदा दादाच्या दुकानात कळली, मग तीही थांबली.

माझी चव परत कधी आली हे मला सांगता येत नाही. लोकांना वाटतं अशा गोष्टीचा एखादा दिवस असतो. तसं काही झालं नाही. कधीतरी केव्हातरी मला मीठ कमी आहे हे कळलं असेल आणि मी ते वाढवून घेतलं असेल, एवढंच. सुख परत आलं तेही तसंच, न सांगता, आणि सगळं आलं असंही नाही. अजूनही मधूनच आश्विनात एखादी दुपार अशी येते की ऊन दिसतं, पण लागत नाही. मी ती दुपार जाऊ देते.

पुढच्या वर्षी नवरात्र उलटल्यावर आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. नवी मोटार, नवी माणसं, मारुती तेवढा जुना. मी त्या घरी गेले तर ओसरीवर चूल होती आणि चुलीपुढे मोठी माय बसली होती, बाहेर, उन्हात. सून जवळ शेंगा फोडत होती.

“या बाई,” सून म्हणाली. “आता समद्यांचा च्या ह्याच करतेत. आमाला हात लावू देत न्हाईत.”

म्हातारीनं मला ओळखलं. “बस. तू शिकवलंस, आता मी पाजते.”

मी शिकवलेलं तिनं काहीच ठेवलं नव्हतं. पातेल्यात पत्ती, गूळ, गवती चहाचं एक अख्खं पान, दूध, सगळं एकदम टाकून ती ते उकळत होती, खळाखळा. चाचांनी बघितलं असतं तर डोळे मिटून घेतले असते. तिनं पितळी वाटीत तो दाट, लालसर चहा गाळला आणि माझ्यापुढे धरला. शेजारच्या दोन सवाष्णी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनाही तिनंच वाटीत ओतून दिला, आणि त्यांनी घेतला.

मी प्यायले. जीभ पोळली. गोड होता की नाही, कडू होता की नाही, ते मला त्या दिवशीही नीटसं सांगता आलं नसतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कसा झालाय, असं तिनं विचारलं नाही. ते विचारायचं नसतं हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

वाटी रिकामी झाली. मी ती पदरानं पुसून खाली ठेवणार होते. ठेवली नाही. तशीच तिच्यापुढे धरली.

“आणखी दे, मोठी माय,” मी म्हणाले.